घोरपडीची जोड

पाच दरोडेखोर गढीच्या दारातून आत घुसले आणि इंद्रजितनं एकट्यानं ते पाचही आडवे केले. निहाल शिकलगार चहाचे कप ठेवायला आत गेला होता. तो परत आला तेव्हा लढाई होऊन गेली होती.

"माझी पाळी?" त्यानं उभ्याउभ्याच विचारलं.

"कशाला आता? आवरलं की मी सगळं," इंद्रजित म्हणाला, बायको माहेरी गेल्यावर चार भांडी घासून ठेवणाऱ्या नवऱ्याच्या थाटात.

सन्मती मगदूमनं काहीच विचारलं नाही. लढाईच्या सुरुवातीला तिनं एक बाण सोडला होता, तो एका दरोडेखोराच्या दंडाला चाटून गेला होता, आणि दरोडेखोराचा उलटा वार तिला लागता लागता हुकला होता. तिनं पर्स उचलली, ओढणी सारखी केली आणि मला म्हणाली, "चारू, पुढच्या रविवारी येते. त्यानंतर मला धरू नका."

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. कोल्हापुरात, खाड्यांच्या पंपाच्या दुकानावर एक खोली होती, तिथं रविवारी जेवणं उरकली की आम्ही चौघं जमायचो. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड एवढ्या भांडवलावरचा हा खेळ. तिघांनी एकेक माणूस व्हायचं आणि चौथ्यानं उरलेली सगळी दुनिया व्हायची: पाऊस, धर्मशाळेचा मालक, अस्वल, शत्रू, सगळं. ती चौथी मी. आपला माणूस काय करतो ते प्रत्येकानं बोलून सांगायचं, जमतं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा, आणि त्यातून गोष्ट पुढे सरकायची. तीन वर्षं आमची गोष्ट सरकत होती.

इंद्रजितचा योद्धा ढालगज. इंद्रजित स्वतः दुकानात आलेलं गिऱ्हाईक पंप घेतल्याशिवाय खाली उतरू द्यायचा नाही, आणि ढालगजच्या हातूनही कोणी सुटायचं नाही. निहालचा जादू करणारा फकीर. निहाल शिरोलीच्या एका फाउंड्रीत इंजिनिअर होता आणि वाढलेलं सगळं गोड मानून खाणाऱ्यातला होता. त्याला पाळी मिळाली नाही तरी तो दुसऱ्याच्या पाळीला टाळ्या वाजवायचा. सन्मतीची तिरंदाज रेवा. सन्मती दातांची डॉक्टर, बोलायला कमी, तक्रारीला त्याहून कमी. मी तेव्हा एका सीएच्या हाताखाली ऑडिट करत होते आणि माणूस दिसला की त्याच्या जमेच्या आणि नावेच्या बाजू मनात मांडायची खोड मला लागलेली होती. सन्मतीच्या नावेच्या बाजूला तीन वर्षांत मला काही मांडताच आलं नव्हतं. असं खातं दिसलं की ऑडिटरनं घाबरावं. मी मात्र खूश होते.

ती गेली असती तर टेबल मोडलं असतं. दोघांवर खेळ चालत नाही, आणि तिच्या जागी दुसरं कोणी आणायचं तर कोल्हापुरात तेव्हा या खेळाचं नाव सांगितल्यावर लोक लुडोची चौकशी करायचे. पण खरं सांगायचं तर टेबलाचं मला तेवढं नव्हतं. ती येणार नाही, हे मला नको होतं.

लढाया एकतर्फी होतात हे मला दिसत होतं. मूळ पुस्तकातले नियम पुरत नाहीत म्हणून प्रत्येक टेबल आपले घरचे नियम करतं, तसे मीही करून पाहिले होते. ढालगजची ताकद कमी केली, तर इंद्रजित लग्नाची पत्रिका न मिळालेल्या मामासारखा दोन रविवार बसून राहिला. शत्रू वाढवले, तर ढालगजनं जास्त शत्रू मारले, एवढाच फरक पडला. शेवटी रेवाला एका विहिरीत मंतरलेलं धनुष्य सापडवलं. सन्मतीनं त्याची माहिती वाचली आणि विचारलं, "हे मलाच कसं सापडलं?" मी म्हटलं, नशीब. ती "बरं" म्हणाली आणि ते धनुष्य तिनं पुढे एकदाही वापरलं नाही.

त्या दिवशी सन्मती उतरून गेली, तिच्यामागून निहाल गेला. मी फासे गोळा करत होते. दाराजवळच्या पलंगावर इंद्रजितचे वडील पेपर वाचत पडले होते. म्हणजे पेपर तोंडासमोर धरून आमचं ऐकत होते, दर रविवारसारखं.

बळवंतराव खाडे. आम्ही सगळेच आबा म्हणायचो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि मुलाच्या केसांपेक्षा काळ्या मिशा. धंदा पंपांचा, पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तो सांगितला नसता. जत्रांच्या मैदानात कुस्त्या जोडायचं काम ते करत: कोणत्या पहिलवानासमोर कोण उभा करायचा ते ठरवायचं. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान होता आणि तो किती होता हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे आम्हाला माहिती कमी पडत नसे. तरुणपणी ते स्वतः एक कुस्ती जिंकले होते. तिच्याबद्दल दर वर्षी नवा तपशील निघायचा.

"ती डॉक्टरीण का चालली?" त्यांनी पेपराआडून विचारलं.

मी सांगितलं. लढाया जमत नाहीत, जोड बरोबर बसत नाही.

"तू जोड लावतीस कशी?"

मी म्हटलं, तिघांच्या ताकदीची बेरीज करते आणि तेवढ्याच बेरजेचा शत्रू समोर आणते.

पेपर खाली आला. आबा बराच वेळ नुसते हसत होते, आवाज न करता, पोट हलवत. मग म्हणाले, "पोरी, वजन बघून जोड लावली तर मैदान घटकाभरात रिकामं हुतंय. लोक उठून भज्याच्या गाड्यावर जात्यात."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मैदानात दोघं पहिलवान समोर आले की आबा त्यांना हात मिळवायला लावत. अंगाकडे बघत नसत. हात हातात गेला की तोंडावर काय येतं तेवढं बघत. त्यावरून जोड ठरे. लोक म्हणत, हा तर त्याच्यापुढं लहान आहे. आबा म्हणत, लावा. मी विचारलं, तोंडावर नेमकं काय बघायचं? ते म्हणाले, तुला सांगून काय उपयोग, तुला बेरीज येती. मला राग आला. त्यांना तो आवडला असावा, कारण ते उठून बसले.

"पुढच्या रविवारी जोड मी लावतो," ते म्हणाले.

त्यांच्या अटी होत्या. एकास एक लढायचं, घोळका नाही. जोड लागली की निकाल होईपर्यंत तिसऱ्यानं हात घालायचा नाही, तोंडही नाही. आणि टेबलावरचा तो पुठ्ठा जाणार.

पुठ्ठा म्हणजे पंपाच्या खोक्याची दुमडलेली बाजू. ती मी माझ्यासमोर उभी करायची आणि माझे फासे तिच्यामागे टाकायची, म्हणजे शत्रूला किती पडले ते मलाच दिसायचं. खेळवणारे सगळे असाच आडोसा वापरतात. मी तसं सांगितलं.

"मैदानाला पडदा नसतोय," आबा म्हणाले.

"पण शत्रूचं सगळं उघड झालं तर—"

"शत्रूचं ऱ्हाऊ दे. तुला कशाला लागतोय?"

मी फासे पिशवीत टाकले आणि येते म्हटलं.

पुढच्या रविवारी आबा आमच्याआधी टेबलाशी बसलेले होते. पुठ्ठा कुठे दिसत नव्हता. सन्मती वेळेवर आली, नेहमीसारखी, फक्त घरी परत न्यायला म्हणून तिनं आपले ठेवलेले फासे आणि रेवाचे जुने कागद आधीच एका पिशवीत भरून घेतले. सगळ्यांनी ते पाहिलं. निहालनं उगाच पंख्याकडे बघितलं.

गढीत त्या दिवशी तीन संकटं होती. मी ती आबांना वाचून दाखवली: दरोडेखोरांचा सरदार, कमानीला लटकलेलं आग्या मोहोळ, आणि मागच्या बारवेवर राहणारी घोरपड. इतर टेबलांवर ड्रॅगन असतात. आमच्याकडे घोरपड होती, पण ट्रकएवढी, आणि ती मी तिघांना मिळून पुरेल अशी घडवली होती.

आबांनी वेळ घेतला नाही. सरदारासमोर फकीर. मोहोळासमोर ढालगज.

"मधमाश्या?" इंद्रजित म्हणाला. "आबा, माझ्या हातात गदा आहे."

"मग मार की."

"आणि घोरपड?" मी विचारलं, तरी उत्तर दिसत होतं.

"डॉक्टरीण."

मी म्हटलं, आबा, ती तिघांसाठी आहे, एकटी रेवा तीन पाळ्या टिकायची नाही. इंद्रजितही तेच म्हणाला, निहालही. आबांनी आमच्यातल्या कोणाकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "हात मिळवा."

घोरपडीला हात कुठून असणार? सन्मतीनं टेबलावरून हात पुढे केला, माझ्याकडे. मी तो धरला, हसत. ती हसत नव्हती. आबा आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होते.

पहिल्या दोन जोड्या लवकर झाल्या. ढालगजनं गदा फिरवली, ती कमानीला लागली, कमानीचा दगड त्याच्या पायावर पडला आणि माश्यांना खरचटलंही नाही. अखेर आमचा महायोद्धा गोठ्यातल्या शेणात तोंड खुपसून वाचला. निहाल हसून हसून खुर्चीवरून घसरला. मग त्याची पाळी आली आणि तो हसायचा थांबला, कारण मदतीला कोणी येणार नव्हतं. त्यानं फकिराच्या पोतडीतली प्रत्येक चीज काढून पाहिली, जी त्यानं तीन वर्षांत वाचलीही नव्हती, आणि सरदाराला त्याच्याच सावलीशी लढवून दमवलं. जिंकल्यावर तो उभा राहिला आणि आता काय करायचं ते न कळून परत बसला.

मग घोरपड.

मी दृश्य सांगितलं. चौकोनी बारव, चारी बाजूंनी खाली उतरत गेलेल्या पायऱ्या. वरच्या कठड्यावर कडक ऊन आणि त्या उन्हात पसरलेलं ते धूड. तळाशी सावलीत काळंहिरवं पाणी. रेवा समोरच्या कठड्यावर.

सन्मतीचा पहिला बाण खवल्यांवरून निसटला. घोरपड धावली. मी फासा टाकला, तो टेबलाच्या मधोमध जाऊन थांबला: एकोणीस. माझा हात आपोआप फासा उचलायला गेला. सन्मतीनं त्यावर बोट ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "दिसू दे सगळ्यांना."

एकोणीस म्हणजे जबडा खांद्यात. रेवाचा निम्मा जीव त्या एका घासात गेला. मी तो आकडा सांगताना सन्मतीकडे बघू शकले नाही. पण तिनं आपल्या कागदावर तो स्वच्छ अक्षरात लिहिला आणि खुर्ची पुढे ओढली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर ती खाली उतरायला लागली. एक बाण, दोन पायऱ्या खाली. एक बाण, दोन पायऱ्या खाली. बाण लागत होते, पण असे, जाड कातड्याला काटे रुतावेत तसे. घोरपड मागोमाग येत होती. इंद्रजितला राहवेना. "अगं वर पळ, खाली कुठं अडकायला—"

"तिसऱ्यानं बोलायचं न्हाई," आबा म्हणाले आणि त्याचा दंड धरला. तो दंड त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

"ऊन कुठपर्यंत आहे?" सन्मतीनं मला विचारलं.

"अर्ध्या पायऱ्यांपर्यंत."

"पाणी कसं आहे?"

"गार. दगडाच्या पोटातलं. हाडं गोठवणारं." मला वर्णनं करायला आवडायचं.

"रेवा धनुष्याची दोरी काढते, भिजू नये म्हणून दातात धरते आणि पाण्यात शिरते. छातीपर्यंत."

मला बरं वाटलं नाही आणि बरं वाटलंही. शिकार स्वतःहून कोपऱ्यात गेली होती. घोरपड तिच्यामागे पाण्यात उतरली, हे मी जरा चवीनंच सांगितलं. सन्मतीनं मान हलवली, मागे टेकली आणि म्हणाली, "चारू, घोरपड सकाळी दगडावर उन्हात का पडलेली असते?"

मी तिला खवले दिले होते, नख्या, शेपटी, जबड्याची ताकद. तिच्या रक्ताचा विचार केला नव्हता. ते पाणी तर मी नुसतं शोभेला भरलं होतं. बारव म्हणजे तळाला पाणी हवंच, म्हणून. मला नाही म्हणता आलं असतं. माझी घोरपड, मी म्हणेन ते तिचं रक्त.  पुठ्ठा नव्हता. माझ्या हातांवर काटा उभा राहिलेला सगळ्यांना दिसत असणार.

"गार पडली की तिला हलता येत नाही, म्हणून," मी म्हटलं.

आणि निर्णय दिला: पाण्यात असेपर्यंत घोरपडीची एक आड एक पाळी वाया जाईल. निहालनं तोंडावर हात दाबून धरला. पण थंडी दोघींना असते. रेवाची बोटं बधिर होतील, नेम अवघड होईल, हेही मी सांगितलं. सन्मती म्हणाली, "बरोबर आहे." ते सांगितलं नसतं तर तिला वाईट वाटलं असतं, असं म्हणाली.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. टेबलावर चार पेन्सिली, एक रिकामी बशी आणि फासे होते. पण खाली दुकानात कोणी पंप चालू करून दाखवला आणि पाण्याचा आवाज आला, तेव्हा आम्ही पाचही जण दचकलो. सन्मती हळू आवाजात, दोन-दोन शब्दांत बोलत होती. दोरी चढवते. मागे सरते. डोळ्यावर नेम. हुकला. परत. तिच्या कपाळावर घाम होता. मी पूर्ण जोर लावून लढत होते, शेपटीनं, नख्यांनी, जमेल त्या लबाडीनं. असं मी त्या टेबलावर फक्त इंद्रजितशी लढले होते. आणि ती प्रत्येक वेळी माझ्या एक विचार पुढे उभी असायची. समोरच्या माणसाला मी तीन वर्षं दर रविवारी हिशेबात धरलं होतं आणि हे माणूस त्या हिशेबात कुठेच नव्हतं.

शेवटी तिच्याकडे एक बाण उरला आणि रेवाच्या अंगात एका फटक्यापुरता जीव. घोरपडही लटपटत होती. ती जबडा उघडून झेपावली. रेवानं त्या उघड्या घशावर बाण रोखला. दोघी एकाच क्षणी.

"थांबा," आबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "लई झालं. ही कुस्ती बरोबरीत सोडवतो. दोघीबी मोठ्या. बाहेर या."

मैदानात असं करतात. फार वेळ चाललेली, मोठी कुस्ती पंच बरोबरीत सोडवतात आणि दोघांनाही मान मिळतो. इंद्रजितनं सुटकेचा श्वास सोडला. मीही.

"नको, आबा," सन्मती म्हणाली. "निकाली करा."

"पोरी, मरंल ती."

"मरू दे. तीन वर्षांत रेवा एकदाही मरायला आली नाही. ढालगजचा पाय तुटला, फकीर दोनदा मरता मरता वाचला. मला फक्त ओरखडे. पुठ्ठ्यामागे फासा पडायचा, चारू आधी माझ्याकडे बघायची आणि मग म्हणायची, हुकला." ती हे माझ्याकडे न बघता, अजिबात न रागावता म्हणाली. "म्हणून मी चालले होते."

मी नाही म्हटलं नाही. ती काही बोलायची नाही, म्हणून मला वाटायचं, तिला सोसणार नाही. एवढंच होतं ते. ढालगजला सगळे खरे वार मी दिले होते आणि त्यानंच तो एवढा मोठा झाला होता.

आबांनी मान डोलावली. "निकाली," ते म्हणाले.

दोघींनी एकदम फासे टाकायचे ठरलं. तिला पंधरा हवे होते. मी हात वर नेला तेव्हा तो मला जड लागला. फासे टेबलावर गडगडले, एकमेकांना लागले आणि थांबले. मला वाचवेना. तिनंच वाचले.

"माझे चौदा," ती म्हणाली. "तुझे अठरा. रेवा गेली."

 इंद्रजित उठला आणि पाठ करून गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. आबांनी त्याचा दंड सोडला होता, पण त्यांचा हात तसाच अर्धवट हवेत राहिला होता. ज्या माणसानं इतक्या जत्रा पाहिल्या, तो एका कागदावरच्या पोरीसाठी मिशा चावत बसला होता.

सन्मतीनं हात पुढे केला. मी धरला. तो गरम होता. तिच्या तोंडावर मी आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. दुःख नव्हतं ते. लांबवर धावत गेलेल्या माणसाचं असतं तसं काहीतरी होतं, आणि मला कळलं की आठवड्यापूर्वी पेपर बाजूला ठेवून आबांनी जे सांगायचं नाकारलं होतं ते हेच.

"लागला असता तर?" तिनं विचारलं.

मी घोरपडीचा कागद तिच्याकडे फिरवला. तीन वर्षांत शत्रूचा कागद मी कोणाला दाखवला नव्हता. तिनं तो जवळ घेतला आणि माझ्या खोडलेल्या आकड्यांवरून बोट फिरवत एकेक बाण वाचत खाली आली. शेवटी उरलेला आकडा अगदीच लहान होता.

"मेली असती," मी म्हटलं.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली.

"म्हणजे होण्यासारखं होतं," ती म्हणाली, आणि नव्या माणसासाठी कोरा कागद मागितला.